भाजलेल्या मातीचे काँक्रीट

१८९५ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्समधल्या एपिनाल गावाजवळचे बूझे धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे बुडून मेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मद्रास इलाख्याच्या गव्हर्नरांच्या हस्ते पेरियार नदीचे पाणी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या डोंगरातून बोगद्याने पूर्वेकडे, मदुरेच्या कोरड्या शिवाराकडे सोडण्यात आले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण धरण बांधण्याच्या शास्त्रात त्या एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. साठलेले पाणी धरणाला पुढे रेटते हे सगळ्यांना ठाऊक होते. ते भेगांतून आणि पायातून आत शिरून धरणाला खालून वर उचलतेही, आणि या दाबाचा हिशेब करावाच लागतो, हे इंजिनिअरांना बूझेच्या दुर्घटनेने शिकवले. पेरियारचे धरण तोवर बांधून झाले होते. म्हणजे त्याच्या आराखड्यात हा हिशेब नव्हता. आणखी एक गोष्ट त्यात नव्हती, ती म्हणजे आज ज्याच्याशिवाय काँक्रीटची कल्पनाच करता येत नाही ते पोर्टलँड सिमेंट. धरणाचा गाभा चुना, वाळू, खडी आणि सुरखीचा, म्हणजे माती भाजून दळलेल्या पुडीचा होता. मुल्लपेरियार या नावाने आज वर्तमानपत्रांत गाजणारे हे धरण एकशे तीस वर्षांनंतरही पाणी अडवून उभे आहे.

टाकाऊ माल वापरून टिकाऊ, कमी कार्बनचे काँक्रीट करायचे हा विषय सध्या प्रयोगशाळांत, परिषदांत आणि सिमेंट कंपन्यांच्या अहवालांत ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून मांडला जातो. त्यातले बरेचसे खरोखर नवे आहेही. पण भारतापुरते पाहिले तर या काँक्रीटला शंभर-सव्वाशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि तो नीट वाचला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. विटांचा चुरा, भट्टीची मळी, कोळशाची राख हे पदार्थ काँक्रीटमधून बाहेर फेकले गेले किंवा वर्षानुवर्षे संशयात राहिले, त्याचे कारण ते कमकुवत होते हे नव्हे. ते मोजायची, पारखायची आणि त्यांची जबाबदारी घ्यायची व्यवस्था जिथे होती तिथे ते टिकले. जिथे ती व्यवस्था मोडली तिथे त्यांची अब्रू गेली, आणि मग सगळा दोष मालाच्या माथी मारला गेला. या लेखात तो इतिहास याच अंगाने पाहायचा आहे.

आधी थोडे रसायन, कारण त्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून बांधकामात वापरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. ही क्रिया बाहेरून आत, अतिशय सावकाश होते, आणि पाण्याखाली तर जवळजवळ होतच नाही. मग भिंत पाण्यात उभी करायची असेल तर? त्यासाठी चुन्याला असा जोडीदार लागतो, की ज्याच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना मोकळी, क्रियेला तयार असतील. ज्वालामुखीची राख हे काम करते, आणि रोमन लोकांनी तिच्यावर आपली बंदरे उभी केली. जिथे अशी राख मिळत नव्हती तिथे त्यांनी फुटक्या कौलांचा आणि मडक्यांचा चुरा वापरला. आपल्याकडची सुरखी ती हीच. माती ७०० ते ८५० अंशांच्या आसपास भाजली की तिच्या कणांत बांधलेले पाणी उडून जाते आणि तिची स्फटिकरचना विस्कटते. अशी विस्कटलेली माती बारीक दळून चुन्यात कालवली की दोघे मिळून पाण्याखालीही घट्ट होणारा बंध तयार करतात. तापमान फार वाढले तर मातीची नवी स्फटिकरचना बनते आणि ती पुन्हा निष्क्रिय होते. म्हणून खंगर झालेली वीट दिसायला कितीही टणक असली तरी सुरखीला निरुपयोगी, आणि कच्ची राहिलेली वीटही तशीच. भट्टीच्या मधल्या थरात नेमकी भाजलेली वीट तेवढी उत्तम. पुढच्या सगळ्या कथेचे मर्म या एका गोष्टीत आहे, कारण सुरखीचा गुण डोळ्यांना दिसत नाही.

महाराष्ट्रात या चुन्याची खूण किल्ल्याकिल्ल्यांवर पाहायला मिळते. गोल खोदलेला दगडी चर, त्यातून बैलाने फिरवायचे जड दगडी चाक, आणि मधल्या खुंटाची जागा. हा चुन्याचा घाणा. चरात चुना, वाळू आणि पाणी घालून चाक तासन्‌तास फिरवले की प्रत्येक कणाला कण घासून मिश्रण लोण्यासारखे मऊ होई, आणि असा मळलेला चुना दरजांत भरला की शतके हलत नसे. दख्खनच्या पठारावर एक सोय निसर्गानेच करून ठेवली होती. इथल्या काळ्या मातीत आणि नाल्यांच्या काठी सापडणाऱ्या कंकरमध्ये चुन्याबरोबर चिकणमातीही असते. तो भाजला की पाण्यात घट्ट होणारा चुना आपोआप तयार होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या इंजिनिअरांनी दगडी धरणांची कामे काढली तेव्हा हा कंकरचा चुना त्यांच्या हाताशी होता. दक्षिणेत मात्र पुष्कळ ठिकाणी चुनखडी शुद्ध, तिचा चुना नुसता हवेवर अवलंबून राहणारा. तिथे सुरखी घातल्याशिवाय धरण उभेच राहिले नसते.

पेरियारचे धरण बांधणारे जॉन पेनीक्विक यांचा जन्म १८४१ साली पुण्याचा. त्यांच्यापुढची अडचण आजच्या कुठल्याही इंजिनिअरला धडकी भरवणारी होती. जागा घनदाट जंगलात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटरांवर. रस्ता नाही, वस्ती नाही, आणि हिवताप असा की उन्हाळ्याचे महिने काम बंद ठेवावे लागे. १८८७ साली काम सुरू झाले. सुरुवातीचे बांध पुरांनी वाहून नेले. आजारपणाने शेकडो मजूर गेले, आणि त्यांची थडगी आजही धरणाजवळ आहेत. परदेशातून सिमेंटची पिंपे जहाजाने आणून, घाट चढवून तिथे नेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य होते. म्हणून घाटाखालच्या सपाटीवरची चुनखडी तारेच्या मार्गाने वर चढवायची आणि तिला भाजलेल्या मातीची जोड द्यायची, असे ठरले. धरणाची उंची १७६ फूट आणि मुख्य भिंतीची लांबी सुमारे १,२०० फूट. पुढची आणि मागची बाजू दगडी बांधकामाची, आणि मधला गाभा, म्हणजे निम्म्याहून अधिक घनफळ, चुना-सुरखीच्या काँक्रीटचा. हे काँक्रीट थराथराने टाकून माणसांच्या हातांनी चोपले गेले. धरणाच्या कामावरचे एक इंजिनिअर ए. टी. मॅकेन्झी यांनी नंतर या प्रकल्पाचा सविस्तर इतिहास लिहिला. काम चालू असतानाच माल पारखला जात होता, ही माझ्या मते त्या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची बाब. चुना कुठला, सुरखी कशी भाजली, मिश्रण किती मळले, यावर एकाच खात्याच्या माणसांची नजर होती आणि धरण फुटले तर जबाबदारीही त्याच खात्याची होती. भट्टीपासून भिंतीपर्यंत साखळी एकाच हातात होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. याच धरणातून चुना पाझरून जातो, त्याच्या सुरक्षिततेवरून केरळ आणि तमिळनाडूत दशकानुदशके वाद चालू आहे, मग ते टिकाऊपणाचे उदाहरण कसे? पाझर खरा आहे. १९३० च्या दशकात धरणात सिमेंटचे ग्राउट भरावे लागले. ऑगस्ट १९७९ मध्ये गुजरातेत मोरवीचे मच्छू धरण फुटल्यावर पेरियारबद्दलची भीती वाढली. त्याच वर्षी पाण्याची पातळी १३६ फुटांवर आणण्यात आली. पुढे माथ्यावर काँक्रीटचा जड थर चढवला गेला, पोलादी केबलींनी धरण पायातल्या खडकाशी जखडले गेले आणि मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार दिला गेला. न्या. ए. एस. आनंद यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये १४२ फुटांची पातळी मान्य केली. धरणाखालच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांची चिंता यामुळे खोटी ठरते असे मी म्हणणार नाही. जुन्या धरणाखाली झोपणाऱ्या माणसाला शंका विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण दुरुस्ती कशाची केली ते बारकाईने पाहावे. माथ्यावरचे वजन, जखडणाऱ्या केबली आणि मागचा आधार हे सगळे पाण्याच्या त्या वर उचलणाऱ्या दाबाला आणि भूकंपाला दिलेले उत्तर आहे. १८९५ च्या आधीच्या कुठल्याही धरणाला, मग ते कशाचेही बांधलेले असो, हे उत्तर द्यावे लागले असते. नंतरचे एक धरणही यातून सुटले नाही: भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. १९६९ मध्ये त्याला तडे आढळले आणि त्यालाही मागून टेकू देऊन बळकट करावे लागले. चुना पाझरण्याबद्दल म्हणाल, तर जिथे सुरखीने चुना पुरता बांधून घेतलेला नसतो तिथून तो विरघळतो. म्हणजे पाझर हा सुरखी कमी पडल्याचा किंवा मिश्रण सच्छिद्र राहिल्याचा पुरावा ठरतो.

पेरियारनंतर सुरखी म्हैसूर संस्थानात पोचली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढले. खडकवासल्याच्या सांडव्यावरचे त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे मराठी वाचकांना परिचित आहेत. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले आणि १९११ च्या अखेरीस कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. देशात सिमेंट जवळजवळ तयार होत नव्हते, आयातीचे परवडत नव्हते. अडीच किलोमीटरांहून लांब असलेले हे धरण दगड, चुना आणि सुरखीच्या बळावर १९३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पुरे झाले. मंड्या जिल्ह्यातला ऊस आणि म्हैसूर शहराचे पिण्याचे पाणी आजही त्याच्यावर चालते. म्हैसूरचेच वाणीविलास सागर आणि हैदराबाद संस्थानातले निजामसागर यांतही सुरखी होती. या धरणांच्या यादीकडे पाहताना जाणवते की तेव्हाच्या इंजिनिअरांना सुरखी हा गरिबांचा पर्याय वाटत नव्हता. ती त्यांच्या नियमपुस्तकांतली रोजची सामग्री होती.

मग ती गेली कशी? १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. महायुद्धामुळे आयात आटली आणि देशी कारखान्यांना बाजार मिळाला. १९२७ मध्ये उत्पादकांनी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काढली. कंत्राटदारांना, वास्तुरचनाकारांना आणि नगरपालिकांना सिमेंट कसे वापरायचे ते शिकवणे, नमुने दाखवणे, सल्ला देणे हे तिचे काम. १९३६ मध्ये दहा कंपन्यांच्या विलीनीकरणातून एसीसी उभी राहिली. पोर्टलँड सिमेंटच्या बाजूने तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. ते लवकर घट्ट होते, त्यामुळे सेंटरिंग लवकर काढता येते. लोखंडी सळ्यांबरोबर ते उत्तम काम करते, त्यामुळे पातळ स्लॅब आणि उंच इमारती शक्य झाल्या. आणि ते गोणीत बंद येते, एकाच प्रकारे तयार झालेले, २८ दिवसांच्या चाचणीने पारखलेले. तिसरा मुद्दा मला निर्णायक वाटतो. सुरखीच्या बाबतीत प्रत्येक वीटभट्टी वेगळी, प्रत्येक माती वेगळी, भट्टीचा मध्य वेगळा आणि कड वेगळी. मोठ्या धरणावर स्वतःची भट्टी आणि स्वतःचे तपासनीस ठेवता येत. शहरातल्या चार मजली चाळीच्या कामावर कोण ठेवणार? तिथे गाढवांवरून येणाऱ्या पोत्यात विटांचा खरा चुरा आहे की पाडलेल्या भिंतीची माती, हे मुकादमाच्या अंदाजावर सोडलेले असे. अशा स्थितीत लोकांनी गोणीवर विश्वास ठेवला यात नवल नाही. घरबांधणीतून सुरखी मागे हटत हटत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपुरती उरली.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या धरणांचे युग आले आणि सुरखीला अनपेक्षित दुसरी संधी मिळाली. कारणे दोन. सिमेंटची टंचाई होती हे एक. दुसरे कारण उष्णतेचे. सिमेंट पाण्याशी क्रिया करते तेव्हा उष्णता बाहेर पडते. पातळ स्लॅबमध्ये ती निघून जाते, पण धरणाच्या जाड पोटात अडकते. नंतर काँक्रीट थंड होऊन आकसले की तडे जातात. सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी सावकाश क्रिया करणारी सुरखी किंवा राख घातली तर हा धोका कमी होतो. शिवाय जी मंदगती घरबांधणीत दोष ठरली होती तीच इथे गुण ठरली. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९५६ मध्ये सुरखीवर स्वतंत्र शोधनिबंध काढला, आणि १९५९ मध्ये भारतीय मानक संस्थेने तिच्यासाठी मानक ठरवले. त्याचाच क्रमांक आय.एस. १३४४. तुंगभद्रा, काक्रापार आणि भाकरा या धरणांत सुरखी, म्हणजे भाजलेल्या मातीची पूड, वापरली गेली. उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात औष्णिक वीजकेंद्रातली उडती राख पंधरा टक्क्यांपर्यंत सिमेंटच्या जागी घातली गेली. अमेरिकेत माँटानातल्या हंग्री हॉर्स धरणात हाच प्रयोग काही वर्षे आधी झाला होता. म्हणजे १९६० च्या आसपास आपल्याकडे मानक होते, प्रयोगशाळा होत्या आणि उंचच उंच धरणांवरचा अनुभव होता. टाकाऊ मालाचे काँक्रीट रोजच्या वापरात यायला आणखी काय हवे होते?

हवी होती ती बाजारातली शिस्त, आणि नेमकी तीच नव्हती. सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या ताब्यात होते. घर बांधायचे तर परमिट हवे, आणि परमिटावर जेवढे मिळे त्याहून जास्त काळ्या बाजारात घ्यावे लागे. सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात एवढे वादळ उठले की जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. टंचाईच्या त्या वर्षांत फोडलेल्या गोणीत राख, दगडाची भुकटी, काहीही मिसळून ती पुन्हा शिवली जाई. सामान्य माणसाच्या मनात सिमेंट आणि राख यांचे नाते इथे कायमचे बिघडले. जी राख रिहंदच्या इंजिनिअरांनी मोजून, तपासून, हेतुपुरस्सर घातली होती, तिच्यात आणि चोराने मिसळलेल्या राखेत फरक आहे हे त्याला कोण सांगणार? राख घातलेले पोझोलाना सिमेंट मानकाप्रमाणे विकले जात होते, तरी कित्येक सरकारी निविदांत आरसीसी कामाला ते चालत नव्हते. दरम्यान वीजकेंद्रांच्या बाहेर राखेचे तलाव भरत चालले. कोराडी, चंद्रपूर, एकलहरे या नावांशी महाराष्ट्रातली माणसे उडणाऱ्या राखेची आठवण जोडतात. शेवटी सप्टेंबर १९९९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि वीजकेंद्रापासून ठराविक अंतरातल्या विटा आणि बांधकामात राख वापरणे सक्तीचे केले. हे अंतर पुढच्या दुरुस्त्यांत वाढत गेले. आज दुकानात साधी गोणी मागितली तर बहुधा पंधरा ते पस्तीस टक्के राख असलेले सिमेंटच हाती येते. लोक ते घेतात, कारण आता राख कारखान्यात, मापाने, मानकाच्या शिक्क्याखाली मिसळली जाते. माल तोच, पण त्याच्यामागे जबाबदार हात आला.

कार्बनचा प्रश्न या इतिहासात उशिरा आला, पण आल्यावर त्याने सगळ्याचा अर्थ बदलला. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते ते भाजलेले खडे, सुमारे १,४५० अंशांवर तयार होतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास साठ टक्के इंधनातून येत नाही. तो चुनखडीच्या पोटातून निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग कमी होणार नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या वाट्याला येतात ते यामुळे. चुन्याच्या भट्टीतूनही हाच वायू निघतो, म्हणून ‘जुने चुन्याचे बांधकाम म्हणजे पर्यावरणस्नेही’ हा सरसकट दावा मला मान्य नाही. बचत होते ती चुनखडीच्या जागी दुसरे काही घातले तेवढीच. माती भाजली की तिच्यातून फक्त पाण्याची वाफ निघते, आणि तीही निम्म्याच तापमानाला. उडती राख आणि लोखंडाच्या भट्टीची मळी तर आधीच भाजून निघालेली असते. पण राख आणि मळी या दोघींची एक मर्यादा आहे. जगातली मळी बहुतेक सगळी वापरली जातेच, आणि कोळशाची वीजकेंद्रे बंद होऊ लागली की राखही आटेल. माती मात्र उरते.

या टप्प्यावर गोष्ट क्यूबात जाते. सांता क्लारा इथल्या विद्यापीठातले फर्नांडो मार्तिरेना यांच्या देशात सिमेंट आणि इंधन दोन्ही दुर्मीळ होते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या पॉलिटेक्निकमध्ये केरेन स्क्रिव्हनर सिमेंटच्या सूक्ष्मरचनेवर काम करत होत्या. या दोघांच्या गटांना, आणि पुढे त्यांना सामील झालेल्या आयआयटी दिल्ली व आयआयटी मद्रासच्या संशोधकांना, एक उपयुक्त जोडी सापडली. भाजलेल्या मातीबरोबर न भाजलेली चुनखडी बारीक करून घातली तर मातीतली ॲल्युमिना तिच्याशी क्रिया करते आणि क्लिंकर निम्म्यावर आणता येतो. पन्नास टक्के क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम. कार्बन तीस-चाळीस टक्क्यांनी घटतो आणि ताकद साध्या सिमेंटच्या तोडीची राहते. त्यासाठी उत्तम प्रतीची चिनी माती लागत नाही. जिच्यात केओलिनाइट खनिज चाळीस टक्क्यांच्या वर आहे अशी, खाणवाले नाकारून बाजूला ढीग लावतात ती हलकी मातीही चालते. क्यूबात २०१३ मध्ये कारखान्यात चाचणी झाली, भारतात लगोलग झाली, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटसाठी आय.एस. १८१८९ जाहीर केले. पेनीक्विकच्या सुरखीपासून हे सिमेंट रसायनाच्या दृष्टीने फार दूर नाही. फरक भट्टीत आहे. तिथे आता तापमापक आहे, मातीतले केओलिनाइट मोजले जाते, आणि खंगर माल वेगळा काढायला मुकादमाच्या नजरेची गरज उरलेली नाही.

या काँक्रीटवरचा सर्वांत गंभीर आक्षेप लोखंडाबद्दलचा आहे आणि तो पेरियारला लागू नव्हता, कारण त्याच्या मूळ गाभ्यात सळ्या नव्हत्या. काँक्रीटमधला चुना सळईभोवती अल्कधर्मी कवच राखतो, त्यामुळे ती गंजत नाही. सुरखी, राख, भाजलेली माती हे सगळे तोच चुना खातात. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून हे कवच लवकर मोडणार नाही का? प्रयोग सांगतात की हा धोका काही प्रमाणात खरा आहे, विशेषतः कोरड्या-ओल्या हवेत उघड्या असलेल्या पातळ भागांत. पण किनाऱ्यावर सळई गंजते ती मुख्यतः समुद्राच्या क्षारांमुळे, आणि क्षारांना अडवण्यात भाजलेल्या मातीचे काँक्रीट साध्या सिमेंटपेक्षा खूपच सरस ठरले आहे, कारण त्याची छिद्रे बारीक आणि तुटक असतात. पहिल्या धोक्यावर उपाय जुनाच आहे: सळईवर पुरेसे कव्हर, आणि पाणी. मिश्र सिमेंटला भारतीय संहितेने किमान दहा दिवस, आणि उन्हाळी कोरड्या हवेत चौदा दिवस पाणी सांगितले आहे. हे काम कसे होते ते कुठल्याही साइटवर दिसते. स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्री मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतो आणि त्यात पाणी साठवतो. ते ठीक चालते. पण कॉलमला गुंडाळलेले गोणपाट तिसऱ्या दिवशी सुकलेले असते, कारण टँकर महाग आहे आणि कंत्राटदाराला पुढचा मजला चढवायचा आहे. पाणी न मिळालेल्या काँक्रीटची पृष्ठे भुसभुशीत होतात आणि लोक म्हणतात, राखेच्या सिमेंटमुळे झाले.

जुन्या इमारती पाडून निघणाऱ्या राडारोड्याचे प्रकरण वेगळे आहे आणि ते याच्यात मिसळू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या शहरांत विटांचे डोंगर पडले होते. फ्रँकफुर्टने १९४५ मध्येच ते दळून विटा-ठोकळे करणारी कंपनी काढली, आणि १९५१ मध्ये विटांच्या खडीच्या काँक्रीटसाठी देशाचे मानकही आले. आपल्याकडे पहिले मोठे केंद्र दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये बांधकाम-कचऱ्याचे नियम आले आणि त्याच वर्षी खडीच्या मानकाने काँक्रीटच्या पुनर्वापरित खडीला साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस आणि मर्यादित ताकदीच्या आरसीसीत वीस टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, तो पाणी पितो, म्हणून या मर्यादा. तिच्यामुळे डोंगर आणि नद्यांची वाळू वाचते, खाडीत आणि टेकड्यांच्या उतारावर रात्री रिकाम्या होणाऱ्या ट्रकांना काही आळा बसतो. ही बचत मोठी आहे. कार्बन मात्र तिच्यामुळे फारसा वाचत नाही, कारण कार्बन खडीत नसतो, सिमेंटात असतो. दोन्ही गोष्टी हव्यात, पण एकीचे श्रेय दुसरीला देऊन कोणाला ‘हरित’ शिक्का मिळू नये.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक प्रत्यक्ष शक्यता आहे. देशावरची काळी माती या सिमेंटला फारशी उपयोगी नाही, कारण तिच्यातले खनिज निराळे, फुगणारे आहे. कोकणात मात्र जांभ्याखाली केओलिनाइटने भरलेली माती सापडते आणि सिंधुदुर्गात चिनी मातीच्या खाणी आहेत. ज्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सळ्या गंजून बंदरांचे धक्के आणि पुलांचे खांब फुटतात, त्याच किनाऱ्याजवळ क्षारांना अडवणाऱ्या सिमेंटची माती आहे. यासाठी नवा डोंगर फोडावा असे माझे म्हणणे नाही. आधी खाणींबाहेर पडून असलेल्या ढिगांतला माल तपासावा, त्यात केओलिनाइट किती ते जाहीर करावे. त्याच्या काँक्रीटची ताकद फक्त २८ दिवसांवर न मोजता धरणांच्या कामात पूर्वापार चालत आलेल्या ९० दिवसांच्या कसोटीवरही मोजावी, आणि सरकारी निविदेत क्षारप्रवेशाची चाचणी सक्तीची करून कोणते सिमेंट ती पार करते ते कंत्राटदाराला ठरवू द्यावे. बंदराच्या एखाद्या धक्क्याचा काही भाग नेहमीच्या सिमेंटने आणि काही भाग या सिमेंटने बांधावा. दोन्हींत सळईला जोडलेल्या मोजमापाच्या तारा ठेवाव्यात, आणि नोंदी दरवर्षी लोकांसमोर मांडाव्यात. पेरियारवर माल पारखणारा आणि जबाबदारी घेणारा एकच होता. इथे ती जबाबदारी बंदरे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची आहे.